उसवण्याचा हक्क

“मला काय येतंय ओ बाई?” असे म्हणत निपाणीच्या वहिनींनी हातातले भरतकामाचे मॅटीचे कापड माझ्याकडे परत सरकवले आणि बोटे पदराला पुसली, जणू त्यांच्या हाताने ते मळले असते. वयाच्या नवव्या वर्षापासून लग्न होऊन बेळगावात वडगावला येईपर्यंत त्यांनी निपाणीत बिड्या वळल्या होत्या. पान मापात कापायचे, चिमटीभर जर्दा त्यात सारखा पसरायचा, पान वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा आणि पुढचे पान उचलायचे, हे काम त्या आईशेजारी बसून रोज शेकड्यांच्या हिशेबात करत आल्या होत्या. ज्या बाईच्या बोटांना इतके येते, तिलाच ‘मला काय येतंय’ असे मनापासून वाटावे, हे कोडे त्या दुपारी माझ्यासमोर पहिल्यांदा इतके स्वच्छ उभे राहिले, आणि तेव्हापासून त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी सात-आठ जणी जमतात. शेजारच्या बोळात अजून काही यंत्रमाग चालतात, त्यांची खटखट भिंतीतून येत राहते, त्यामुळे कुणी गप्प बसले तरी खोली गप्प वाटत नाही; बुजऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर कसुतीचा, म्हणजे धागे मोजून करायच्या भरतकामाचा, वर्ग म्हणून मी हे सुरू केले. आत्मसन्मान कमी आहे म्हणून आले, असे सांगत इथे कुणी येत नाही. सून दिवसभर घुम्यासारखी बसते म्हणून सासू पाठवते, दहावीत दोनदा नापास झालेल्या मुलीला आई हाताला धरून आणते, आणि नवऱ्याचे दुकान बुडाल्यावर लोकांत जाणे सोडलेली एखादी स्वतःच दारात चपला काढू की नको, असा विचार करत उभी राहते. पुस्तकी मराठीत ज्याला आपण न्यूनगंड म्हणतो त्याला घराघरांत ‘स्वभावच तसा’ म्हणतात, आणि एकदा स्वभाव म्हटले की त्यावर काही करायचे उरत नाही.

माझ्याही बाबतीत असेच म्हणत असत, पण माझा स्वभाव तसा नव्हता. तो तसा झाला, आणि कुठल्या वाक्यावर झाला ते मला नेमके सांगता येते. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला गेले आणि वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून ओरडून म्हणाले, “थांबा, मी आलो!” आमच्याकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात, आई, आजी, आत्या सगळ्या तसेच बोलत. जिन्याखाली आधी शांतता झाली आणि मग हशा पिकला. पुढची तीन वर्षे त्या वाक्याची नक्कल मी ऐकली. कुणी वाईट नव्हते, मुलीच होत्या, पण मी हळूहळू क्रियापदे टाळून बोलायला शिकले, मग वाक्ये टाळायला शिकले. पदवी घेऊन परत आले तेव्हा माझे मराठी अगदी शुद्ध झाले होते आणि बोलणे जवळजवळ बंद झाले होते.

घरी परतल्यावर दुसरी बाजू वाट पाहत होती. एका सरकारी कार्यालयात वडिलांच्या कागदांसाठी मी खिडकीपुढे उभी होते. अर्ज कन्नडमध्ये, माझे कन्नड बाजारापुरते, आणि मागच्या माणसाला “तुम्ही व्हा पुढे” असे म्हणत मी चार वेळा रांगेतून मागे सरकले. पुण्यात माझे मराठी कमी पडले होते, बेळगावात कन्नड. सीमेवर राहणाऱ्या माणसाला दोन भाषा येतात असे लोक कौतुकाने म्हणतात, पण आपल्याला दोन्ही धड येत नाहीत ही भावनाही त्याच पेठेत त्याच भावाने मिळते. (सीमाप्रश्नावर इथे मला काही म्हणायचे नाही. १९५६ पासून त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ज्यांचे बोलणेच बंद झाले त्यांच्याविषयी त्या मानाने फार कमी.)

त्या काळात धारवाडला आत्याकडे महिनाभर राहिले. तिच्या शेजारी एक कन्नड आजी होत्या, त्यांना मराठीचे दहा-बारा शब्द येत असतील. त्या ओसरीवर बसून इरकलच्या पदरावर कसुती भरत. मी नुसती बघत बसे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी न विचारता माझ्या हातात सुई दिली.

कसुतीत कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. कापडाचे धागे मोजायचे आणि मोजणीवरच गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, मोर उभे करायचे. तिचे चार टाके आहेत: गवंती, मुर्गी, नेय्गे आणि मेंते. नेय्गे म्हणजे विणकाम आणि मेंते म्हणजे मेथी, हे अर्थ मला तिथेच कळले. आजींनी मला आधी गवंती शिकवली. “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु,” असे म्हणत त्या चार धागे मोजत, टाका घालत, चार धागे सोडत, पुन्हा टाका घालत. अशी ओळ पुरी झाली की कापडावर एक तुटक रेघ दिसते, अर्धी भरलेली आणि अर्धी मोकळी. मग सुई त्याच वाटेने परत फिरवायची आणि जाताना जी घरे मोकळी सोडली ती येताना भरायची. परतीची सुई जिथून निघाली तिथेच येऊन पोचते आणि रेघ अखंड होते. गाठ कुठेच मारायची नाही, दोऱ्याचे टोक टाक्यांखालीच दडवायचे, आणि काम पुरे झाले की कापडाची सुलट व उलट बाजू सारखीच दिसली पाहिजे.

माझी पहिली ओळ परतीला जुळली नाही. जाताना कुठेतरी चाराऐवजी पाच धागे मोजले गेले होते, त्यामुळे येतानाचे टाके मोकळ्या घरांत बसेनात. मी कापड उलटे करून मांडीखाली सरकवले. आजींनी ते काढून घेतले, सुईच्या टोकाने तो एक टाका दाखवला आणि म्हणाल्या, “बिच्चव्वा.” उसव गं. आवाजात राग नव्हता, आणि मुख्य म्हणजे कौतुकही नव्हते. छान आहे, पहिल्यांदा इतके जमले म्हणजे खूपच, असे काहीही त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी गेले नसते, याची मला खात्री आहे.

या खात्रीला आधार आहे हे फार उशिरा, वाचनातून कळले. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वूड यांनी २००९ साली सहकाऱ्यांसोबत एक संशोधन प्रसिद्ध केले. त्यात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले होते. ज्यांचा आत्मसन्मान मुळात बरा होता त्यांना त्याने थोडे बरे वाटले. ज्यांचा कमी होता त्यांना, असे वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा, अधिक वाईट वाटले. मला यात आश्चर्य वाटत नाही. स्वतःला कमी समजणारे माणूस स्तुती ऐकताना मनात एक वकील बसवून ठेवते, आणि तो वकील प्रत्येक चांगल्या शब्दाची उलटतपासणी घेतो: हे दया म्हणून म्हणाले, यांना खरे माहीत नाही, उद्या कळेल. शब्दाला शब्दाने उत्तर देता येते. परतीला जुळलेल्या रेघेपुढे मात्र त्या वकिलाचे काही चालत नाही, कारण चार धागे म्हणजे चारच धागे असतात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे जे उगम सांगितले, त्यांत दुसऱ्याने पटवून देणे हाही एक आहे. पण सर्वांत बळकट उगम म्हणून त्यांनी मांडला तो स्वतः करून, स्वतः पार पाडल्याचा अनुभव. समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ पासून वापरात असलेली आत्मसन्मानाची मोजपट्टी दहा विधानांची आहे, आणि त्यांतले एक विधान इतर बहुतेकांइतकी कामे मलाही जमतात, अशा आशयाचे आहे. मोजपट्टीवर खूण करणे सोपे असते. ते विधान कुठल्या दिवशी, कशामुळे खरे वाटू लागते, हे मात्र एखाद्या कापडाच्या तुकड्यात दिसू शकते.

इथेच निपाणीच्या वहिनी माझ्या आड येतात. जमल्याचा अनुभव हेच औषध असते, तर त्यांच्याइतका औषधोपचार कुणाचाच झाला नसेल. शेकडो बिड्या रोज जमत होत्या, आणि त्या एकसारख्या असल्याशिवाय कारखान्यात घेतही नसत. मी त्यांना एकदा हे विचारलेही. त्यांनी थोडा वेळ सुई तशीच धरून ठेवली आणि म्हणाल्या, “छाट निघायची की ओ.” बिड्या जमा करायला गेले की तिथला माणूस मूठभर बिड्या बाजूला काढी. ती छाट. त्यांचे पैसे मिळत नसत आणि त्या परतही मिळत नसत. का काढल्या हे कुणी सांगत नसे, विचारण्याची सोय नसे, आणि चुकलेली बिडी सोडून पुन्हा वळू देण्याचा तर प्रश्नच नव्हता. “चांगल्या किती झाल्या ते मला कधी कळलंच नाही,” त्या म्हणाल्या, “वाईट किती तेवढं कळायचं.”

म्हणजे हाताला काम असणे पुरेसे नाही. चूक कुठली हे ज्याने केले त्याला दिसले पाहिजे, ती चूक आहे की नाही हे ठरवण्यात त्याचा शब्द चालला पाहिजे, आणि ती उसवून नीट करण्याची मुभा त्याच्या हातात असली पाहिजे. स्वतःला क्षुद्र समजणाऱ्या माणसाची अडचण चुका होण्याची नसते. त्याला चूक आणि आपण वेगळे करता येत नाही, ही त्याची अडचण असते. दहावीतल्या मुलीचे गणित चुकत नाही, ‘ती’ नापास होते. माझे क्रियापद चुकत नाही, ‘मी’ हसण्याजोगी ठरते. कसुतीत प्रथमच असे होते की चूक तुमच्यातून उठून कापडावर जाऊन बसते, तिला एक जागा मिळते, सुईचे टोक लावून ती दाखवता येते आणि दोन मिनिटांत काढता येते. कला माणसाला व्यक्त करते वगैरे जे म्हटले जाते त्याबद्दल माझे फारसे मत नाही. माझ्या खोलीत येणाऱ्या बहुतेकींना व्यक्त वगैरे व्हायचेच नसते, लपायचे असते, आणि मान खाली घालून सुई चालवणे ही लपण्याचीही फार प्रतिष्ठित जागा आहे.

यात मी स्वतः एकदा मोठी चूक केली. दोन-तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात एका मंडळाने आमच्या कामाचे प्रदर्शन लावायचे ठरवले आणि मला फार आनंद झाला. त्यांनी आयत्या वेळी पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढायचे सुचवले, मीही मान डोलावली. शाळेतली सवय, नंबराशिवाय कार्यक्रम कसा? बक्षीस समारंभात सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. पुढच्या शनिवारी तिघी आल्या. नंबर न आलेल्यांपैकी एक दोन महिने फिरकली नाही, आणि मला त्याहून अधिक लागले ते हे की पहिली आलेलीही आली नाही. पुढच्या वेळी पहिला आला नाही तर, या धास्तीने तिने सुईच ठेवून दिली होती. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर लाल शाईने गुण लिहिले. त्या मुलांपैकी किती जणांची मी छाट काढली असेन, हा विचार तेव्हापासून अधूनमधून रात्री येतो.

व्यासपीठाविषयीही माझे मत आता थोडे बदलले आहे. आमच्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, आणि ती गावकऱ्यांनी वर्गणी काढून किती निष्ठेने भरवलेली असतात ते मी लहानपणापासून पाहिले आहे. भाषेसाठी त्यांचे मोल मोठेच आहे. पण बुजऱ्या मुलीला ‘धीट हो’ म्हणून थेट ध्वनिक्षेपकापुढे उभे करणे म्हणजे पोहता यावे म्हणून विहिरीत ढकलणे. काही जणी तरतात, त्यांची गोष्ट सगळे सांगतात. बाकीच्यांची कुणी सांगत नाही.

लिहिण्याचा उपयोग मात्र वेगळ्या वाटेने होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली सँड्रा बील यांच्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातल्या जखमेविषयी लिहायचे होते. पुढे या पद्धतीत शुद्धलेखन आणि व्याकरणाची फिकीर करू नका, ही सूचना नेहमीची झाली. ती सूचना वाचून मी शिक्षक असूनही, किंवा असल्यामुळेच, थबकले. आमच्या खोलीतल्या एका मुलीची शाळा कन्नड माध्यमाची, घर मराठी. तिला मी म्हटले की पंधरा मिनिटे लिही, मला दाखवू नकोस. तिने वही मिटताना मला ओझरते दिसले: अक्षरे कन्नड होती आणि भाषा मराठी. “असं चालतं का बाई?” तिने विचारले. कुठल्याही परीक्षेत ते चालले नसते. मी म्हटले, तुला वाचता येते ना, मग झाले. तिने नंतर तशा दोन वह्या भरल्या. त्यांत काय आहे ते मला आजही माहीत नाही, पण आता बोलताना मधेच थांबून ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही, एवढे मला दिसते.

इतके सगळे सांगितल्यावर सुईला जे जमत नाही तेही सांगायला हवे. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने वापरात आणला. क्षयरोगाच्या आरोग्यधामात पडून असताना चित्रांनी आपल्याला सावरले, हा त्यांचा अनुभव होता. पण त्यांची चित्रे आरोग्यधामातल्या उपचारांच्या सोबतीला होती, त्यांच्या जागी नव्हती. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा २०१६ सालचा फिलाडेल्फियातला प्रयोग हल्ली फार सांगितला जातो: ३९ प्रौढ माणसे, ४५ मिनिटे चित्र, माती किंवा चिकटकाम, आणि सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी झालेले. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की पूर्वी कलेचा सराव असणे-नसणे याने फरक पडला नाही. तरीही ती एका बैठकीची गोष्ट आहे, आणि प्रत्येकाचे प्रमाण उतरले असेही नाही.

मागच्या वर्षी एक मुलगी तीन शनिवार आली. तिच्या हातात कापड तसेच राही. ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, आणि तिसऱ्या शनिवारी निघताना सहज बोलल्यासारखे म्हणाली की आता कुणाला त्रास होणार नाही. त्या दिवशी मी तिला सुई दिली नाही. तिच्या आईशी बोलले, रात्री दोघींनी मिळून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला, आणि सोमवारी सकाळी धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. नैराश्य हा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो, गोळ्या लागू शकतात. तिथे ‘मन रमव’ म्हणणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय नसून धोका आहे. ती मुलगी सात-आठ महिन्यांनी पुन्हा आली. आता तिची रेघ वाकडी येते आणि ती त्यावर स्वतःच हसते.

निपाणीच्या वहिनींना पहिली पालखी भरायला चार महिने लागले. त्यांनी मला न विचारता तीनदा उसवली, त्यांपैकी एकदा तर माझ्या मते काही चुकले नव्हते. पण त्यांच्या मते दांडी जरा आखूड झाली होती, आणि दांडी त्यांची होती. त्यांनी ती पालखी कुणाला दाखवली नाही. घडी घालून ट्रंकेत ठेवली असे ऐकते.

गेल्या शनिवारी मी नातीच्या झबल्यासाठी लहानसे तुळशीवृंदावन भरत होते. बोलता बोलता हात चालला होता, डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. वहिनी चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवला, आणि माझ्या हातातले कापड काढून घेऊन त्यांनी ते उलटे केले. बराच वेळ उलट्या बाजूवरून बोट फिरवत राहिल्या. खोलीतल्या बाकीच्या जणी बघत होत्या.

“बाई, हितं एक धागा जादा मोजलाय तुमी,” त्या म्हणाल्या.

मी चष्मा पुसून पाहिले. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पाच धागे होते.

“थांबा,” मी म्हणाले, “मी उसवतो,” आणि ते माझ्या तोंडून कसे निघाले हे माझ्या ध्यानात येईपर्यंत वहिनींनी चहावर बशी झाकली होती, कारण कोपऱ्यापासून उसवायचे म्हणजे निदान अर्धा तास तरी जाणार होता.